नावेत उभं राहू नये

बुऱ्हाणपूरच्या दोन ख्रिस्ती मंडळ्या एक झाल्या, तेव्हा पहिली पंचाईत गुडघ्यांची झाली. निरनिराळ्या मिशनांची चर्चं एकत्र करण्याची ती वर्षं होती. कागदांवर सह्या झाल्या, शनवारा भागातल्या चर्चवर नवी पाटी लागली. पण पाळक वसंतरावांची माणसं प्रार्थना बसून करीत आणि गीतं उभ्यानं गात. पाळक गजाननरावांच्या माणसांचं नेमकं उलट. "आपण प्रार्थना करू या," असं म्हटलं की अर्धे उठत, अर्धे बसत, आणि व्यासपीठावरून बघणाऱ्याला सगळी मंडळी पातेल्यात उकळणाऱ्या भातासारखी दिसे.

वसंतरावांना घोर वेगळाच होता. मंडळी एक आणि पाळक दोन. कापणीच्या सणाला बिशपसाहेब येणार, दोघांचे उपदेश ऐकणार, एकाला इथे ठेवणार आणि दुसऱ्याला लांब कुठेतरी पाठवणार.

"अहो, या वेळी तरी नवं काही सांगा," त्यांच्या पत्नी कमलबाई म्हणाल्या. "ती नावेची गोष्ट नको. मला झोपेतसुद्धा त्या नावाड्याचं गाणं ऐकू येतं."

"कमल, ती गोष्ट म्हणजे माझं हुकमी पान आहे."

गोष्ट अशी : दाट धुक्यात वसंतराव तापी ओलांडत असतात. काठ दिसत नाही. नावाडी मात्र मोठ्यानं गात असतो, कारण गाणं ऐकून त्याची बायको काठावर कंदील उंच धरते. तात्पर्य, आपल्याला काठ दिसला नाही तरी काठाला आपलं ऐकू जातं. प्रार्थना ती हीच.

खरं म्हणजे ही गोष्ट त्यांनी सेमिनरीत पाळकपणा शिकताना एका शिक्षकांकडून ऐकली होती. सांगता सांगता ती त्यांची झाली. मग तिच्यात एक मगर आली. वसंतराव स्वतः आयुष्यात कधी नावेत बसले नव्हते.

सणाच्या दिवशी वेदीपुढे बहादरपूरच्या केळीचे घड, कापसाची बोंडं आणि वांगी यांचा ढीग लागला. पहिले उठले गजाननराव. घसा साफ करून म्हणाले, "एकदा मी दाट धुक्यात नर्मदा ओलांडत होतो..."

वसंतरावांनी आपली टिपणं हळूच बायबलात सारली.

"अगं बाई! ही तर आमच्या साहेबांची नाव!" वसंतरावांच्या मंडळीतल्या मालूबाई मोठ्यानं बोलल्या.

"हट! आमची आहे, कधीपासूनची," पलीकडून गजाननरावांच्या मंडळीतला गोटू उसळला.

"तुमच्यात मगर आहे का?"

"मगर नाही. पण आमचा नावाडी आंधळा आहे!"

चर्चमध्ये असा हशा पिकला की एक घड आपोआप ढिगावरून घसरला. गजाननरावांनी वसंतरावांकडे पाहिलं. दोघांचे कान लाल. आता बिशपसाहेबच काही बोलतील म्हणून सगळ्यांनी तिकडे माना वळवल्या, तर त्यांनी रुमालात तोंड लपवलेलं आणि खांदे गदगदा हलताहेत.

"मंडळी," कसेबसे ते म्हणाले, "माझी... माझी नाव गोदावरीवर होती."

निघताना मात्र त्यांनी बजावलं, "पुढच्या रविवारी परत येतो. स्वतःचं काही आणा. ज्याचं स्वतःचं असेल, तो इथे राहील."

वसंतरावांनी आठवडाभर डोकं खाजवलं. केळी बघितल्या, विणकरांच्या मागांची खडखड ऐकली, मुंग्यांची रांगही बघून झाली. ज्या ज्या वस्तूकडे पाहावं, तिच्यावर त्यांचा उपदेश आधीच होऊन गेलेला. शेवटी शनिवारी सकाळी ते तापीच्या राजघाटावर गेले. निदान एकदा नावेत तरी बसावं!

घाटावर गजाननराव नावाड्याशी बोलत उभे होते.

"तुम्ही इथे?"

"मासे बघायला आलो."

"मीही मासेच."

"बसा ना मग दोघे," सुकलाल नावाडी म्हणाला. "मासे काय, पाण्यातच आहेत."

ऊन लख्ख पडलं होतं. धुकं नाही, मगर नाही. वसंतरावांना राहवेना. "सुकलाल, एखादं गाणं म्हण की."

"कशाला साहेब?"

"काठावर तुझी बायको..."

"ती झोपली आहे. मी गायलो तर चप्पल फेकेल."

तेवढ्यात नाव पाण्याखालच्या खडकाला घासली आणि कलली. गजाननराव "प्रभू!" म्हणाले आणि जन्माच्या सवयीनं प्रार्थनेसाठी ताडकन उभे राहिले.

"बसी जा साहेब, बसी जा!" सुकलाल ओरडला. वसंतरावांनी गजाननरावांचा कोट ओढला. नाव दुसरीकडे कलली, आणि तिघेही तापीत.

पाणी कमरेइतकंच होतं. गजाननरावांची टोपी डौलात प्रवाहाबरोबर निघून गेली. सुकलालनं नाव धरली आणि विचारलं, "साहेब, तुमच्या देवाला बसून नाही का ऐकू येत?"

वसंतराव हसायला लागले ते थांबेचनात. "गजाननराव! हे खरंच घडलं हो!"

"घडलं ना! माझ्या बाबतीत घडलं. उद्याचा उपदेश माझा."

"तुमचा? नाव तुम्ही उलटवली, भिजलो मी!"

"मी उभा राहिलो नसतो तर तुमच्याजवळ काय होतं? मासे?"

भांडता भांडता वसंतराव थबकले. "बरं, पडताना मी काय ओरडलो?"

"'कमल' म्हणून ओरडलात."

"देवाला नाही?"

"नाही. आणि मी कसा दिसत होतो?"

"डोळे घट्ट मिटून उभे. पडतानासुद्धा उघडले नाहीत."

अर्धी गोष्ट याच्याजवळ होती, अर्धी त्याच्याजवळ.

रविवारी दोघे एकत्रच व्यासपीठावर चढले. एक सांगे, दुसरा दुरुस्त करी. 'कमल'ची आरोळी आली तेव्हा कमलबाईंनी पदर तोंडाला लावला. बिशपसाहेबांनी डोळे पुसले. "दोघेही इथेच राहा," ते म्हणाले. "एकेकटे सोडले तर वर्षभरात पुन्हा मगर येईल."

मग वसंतराव म्हणाले, "आपण प्रार्थना करू या."

सगळं चर्च धपकन बसलं. गजाननरावांच्या माणसांनी तर बाकांच्या कडा दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवल्या होत्या.