मागच्या सीटवर चार मिनिटं

"बायका क्लचवर पाय ठेवूनच गाडी चालवतात," मेकॅनिक म्हणाला. "क्लच जळतोय, ताई. पाय उचलायला शिका, वास जाईल."

हे त्यानं तिसऱ्यांदा सांगितलं. तिन्ही वेळा गाडीत न बसता. शेजारी दादा मान डोलावत उभा. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. त्याला गाडीतलं सगळं कळतं, फक्त ती चालवावी लागते मला.

आठवड्यातून तीनदा मी आईला व्यायामासाठी दवाखान्यात नेते. आईचे पाय दोन वर्षांपूर्वी गेले. तिला मागच्या सीटवरून उतरवायचं म्हणजे फळी लावा, चाकाची खुर्ची भिडवा, काखेत हात घालून सरकवा. बारा मिनिटं लागतात. एकोणीस वर्षांची गाडी पेटायला किती लागतात ते मोजायची मला हौस नाही.

वास पहिल्यांदा आईलाच आला होता. "काहीतरी जळतंय गं."

"आई, तुला तर रिकाम्या गॅसवरही दूध उतू जाताना दिसतं," दादा म्हणाला. सगळे हसले. मीही हसले. त्याची लाज अजून गेलेली नाही.

गॅरेजमधून आल्यावर गाडी दारात लावली आणि इंजिन बंद ठेवून नुसती चावी फिरवली. दोन्ही पाय दाराबाहेर. आधी दिवे लावून बघितले, दहा मिनिटं. काही नाही. मग वायपर. काही नाही. मग हवेचा पंखा तीनवर. चौथ्या मिनिटाला तोच वास. तापल्या तव्याला प्लॅस्टिकची पिशवी चिकटावी तसा, घशात जाऊन बसणारा.

पाय बाहेर आणि म्हणे क्लच जळतोय!

स्टिअरिंगखालचं फ्यूजचं झाकण काढलं. रांगेत रंगीत फ्यूज, आणि पंख्याच्या फ्यूजच्या जागी तांब्याच्या जाड तारेचा तुकडा, मुडपून कोंबलेला. बोट लावलं तर चटका बसला. मागच्या वायरची साल वितळून मऊ झाली होती.

मेकॅनिकला फोन लावला.

"हां, ती तार होय? फ्यूज सारखा उडत होता, तुमच्या भावानं घातली. मी बघितलं होतं."

"बघितलं होतं? मग तीनदा क्लच क्लच काय लावलं होतंत?"

"तरी ताई, क्लचकडेही जरा लक्ष..."

फोन ठेवला. नाहीतर गल्लीनं माझ्या तोंडून जे ऐकलं असतं, ते पुन्हा धुऊन निघालं नसतं.

संध्याकाळी दादा आला. तार दाखवली. लाजला? छे.

"फ्यूज दोन दिवसांआड उडायचा. आईला उकडायचं. तिच्यासाठीच केलं मी. आणि चालतंय ना? झालं काही?"

"पंख्याची मोटर जड झालीय, जास्त वीज ओढतेय, हे सांगायला फ्यूज उडत होता. तू सांगणाऱ्याचंच तोंड बांधलंस."

"तू कधीपासून इंजिनीअर झालीस?"

"बस मागे."

"काय?"

"आईच्या जागेवर बस. पट्टा लाव. आता तुला पाय नाहीत असं समज. बारा मिनिटं हलायचं नाही."

तो हसत बसला. मी काचा वर केल्या, चावी फिरवली, पंखा तीनवर टाकला आणि पुढच्या सीटवर बसून राहिले. आई मघापासून घराच्या खिडकीत खुर्ची लावून सगळं ऐकत-बघत होती.

पहिलं मिनिट त्यानं मला अक्कल शिकवली. दुसऱ्यात विनोद केला. तिसऱ्यात नाक वर करून हुंगलं. चौथ्यात डॅशबोर्डखालून धुराची बारीक रेघ निघाली.

"ए, बंद कर! बंद कर ना!"

"आठ मिनिटं राहिलीत."

खट्कन पट्टा सुटला, दार उघडलं आणि माझा सर्वज्ञ भाऊ कुंपणापाशी जाऊन उभा राहिला. मी चावी काढली.

"का रे उतरलास?" खिडकीतून आई ओरडली. "चालतंय ना!"

त्यानं मान खाली घातली. मग परत आला, स्टिअरिंगखाली वाकला आणि तार उपटायला उघडा हात आत घातला.

तार गरम आहे हे मी त्याला सांगितलं नाही.