निळे रांजण

"थू!"

एसटीच्या ड्रायव्हरनं तोंडातलं पाणी रस्त्यावर थुंकलं आणि ओल्या हातानं मिश्या पुसल्या. "आवो पार्बताबाई, हे काय पाजून राह्यल्या? चहाचं आधण हाये का हे?"

पार्बताबाईच्या हातातलं ओगराळं हातातच राहिलं. हा धर्मेंद्र गेली नऊ वर्षं अमरावती-भातकुलीची गाडी चालवत होता. रोज दुपारी फाट्यावर गाडी थांबवायची, खाली उतरायचं, पाणपोईवर दोन ओंजळी पाणी प्यायचं आणि मगच पुढं निघायचं, हा त्याचा नेम. गाडीतल्यांनी कितीही आरडाओरडा केला तरी तो ऐकायचा नाही. आणि आज तोच माणूस थुंकला.

"ऊनच भल्लं हाये बापा औंदा," ती कशीबशी म्हणाली.

"ऊन का आजच पडलं?" असं म्हणत तो गाडीत चढला. त्याच्या मागं उभे असलेले दोघं जण ओंजळ न धरताच वळले आणि समोरच्या टपरीवर बाटलीचं पाणी घ्यायला गेले. सत्तावीस उन्हाळ्यांत असं कधी झालं नव्हतं. बाई निंबाखाली मटकन बसली.

धर्मेंद्र खोटं बोलत नव्हता, हे तिला ठाऊक होतं. पाणी काल दुपारपासूनच गरम लागत होतं. का, तेही ठाऊक होतं. पण ते बोलून दाखवायची तिची छाती होत नव्हती.

हा सगळा मुलूख खारपाणपट्ट्यातला. विहीर खणा, बोअर मारा, पाणी लागेल ते खारं. गोडं पाणी मिळायचं ते गावातल्या टाकीवर, फाट्यापासून पाऊण किलोमीटर आत. सत्तावीस वर्षांपूर्वी भर वैशाखात पार्बताबाईचा नवरा वांग्यांचं टोपलं अमरावतीला विकून परतला आणि याच फाट्यावर उतरला. गाव समोर दिसत होतं, पण तेवढंही त्याच्यानं चालवलं नाही. निंबाखाली बसला तो बसलाच. पाणी पाणी करत होता म्हणून कुणीतरी जवळच्या बोअरचं पाणी आणून पाजलं. ते घशाखाली उतरेना, त्यानं ओकून टाकलं. बाईला निरोप मिळून ती पाण्याचा गुंड घेऊन धावत येईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

पुढच्या पाडव्याला बाईनं त्या निंबाखाली वाळूचं आळं केलं आणि त्यात दोन रांजण बसवले. तेव्हापासून पाडव्यापासून मिरगाच्या पावसापर्यंत, रोज सकाळी आठ गुंड गोडं पाणी डोक्यावरून आणायचं. रांजण आठवड्याला काथ्यानं घासायचे, वाळू भिजती ठेवायची, तोंडावर ओला बारदाना टाकायचा. दुपारी बाजूला काकड्यांचं टोपलं घेऊन बसायचं आणि येईल त्याच्या ओंजळीत पाणी ओतायचं. कुणी सांगितलं नव्हतं आणि कुणी शाबासकीही दिली नव्हती. बाईला त्याची गरजही वाटली नाही. पाणी प्यायल्यावर माणसाच्या तोंडून 'हाऽ' असा आवाज निघायचा, तेवढा तिला पुरत होता.

यंदा मात्र वय बोलायला लागलं. गुडघे कुरकुरत होते. आणि नेमकं यंदाच हायस्कुलाच्या हेडमास्तरांनी नववीच्या पोरांना सांगितलं, सुट्टीत मोबाइल घेऊन लोळू नका, गावासाठी काहीतरी करा. तिघं जण फाट्यावर येऊन उभे राहिले. प्रणाली नावाची बडबडी पोरगी, चष्मेवाला गोपाल आणि सायकलवरून पाय खाली न ठेवणारा प्रीतम.

"आजी, आमी पाणी भरून देऊ?"

"द्या न बापा. दोन दिवसात पयून जासान," बाई हसत म्हणाली.

पहिल्या दिवशी त्यांनी फोटो काढले, त्यामुळे बाईची खात्रीच पटली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला प्रीतमच्या सायकलची घंटी वाजली. तिसऱ्या दिवशीही वाजली. सात-आठ दिवसांत प्रणालीला चुंबळीवर गुंड तोलता यायला लागला, आणि गोपालनं कुठल्या गाडीला किती माणसं उतरतात ते वहीत लिहून काढलं. पार्बताबाई त्यांच्याकडं बघतच राहायची. ना नात्यातली, ना गोत्यातली. यांना घरी झोप येत नाही का? आपण सत्तावीस वर्षं आलो, आपल्याला त्याचं कारण होतं. या लेकरांना कसलं कारण? तिला याचं इतकं नवल वाटायचं की घरी भाकरी थापतानाही ती मान हलवत बसायची.

त्यांच्या भरवशावर बाई पहिल्यांदा भर उन्हाळ्यात गाव सोडून अकोल्याला गेली, भावाच्या नातीच्या लग्नाला. तीन दिवसांनी परतताना गाडीच्या खिडकीतून पाहते तो निंबाखाली दोन निळेशार पिंप दिसले. हे कोणी आणून ठेवले, म्हणून ती घाईनं उतरली.

ते तिचेच रांजण होते. शाळेच्या फाटकाचा उरलेला ऑइलपेंट मागून आणून पोरांनी ते नखशिखांत रंगवले होते. वर पांढऱ्या चिमण्या, मोगऱ्याची फुलं, आणि मधोमध मोठी मोठी अक्षरं.

"वाच न आजी!" प्रणाली उड्या मारत होती.

"मले कुठं वाचता येते वं."

प्रणालीनं तिचं बोट धरलं आणि अक्षरांवरून फिरवलं. "न... त्थु... जी. नत्थुजी पाणपोई! गोपालच्या आजोबानं नाव सांगतलं आमाले."

पार्बताबाईचं बोट शेवटच्या अक्षरावर थांबलं. हे नाव तिनं उभ्या आयुष्यात कधी उच्चारलं नव्हतं. नवऱ्याचं नाव बायकोनं घ्यायचं नसतं, अशा चालीत ती वाढलेली. तो असताना 'आवो', आणि गेल्यावर 'घरचा माणूस'. रेशनकार्डावरून नाव कमी झालं, सातबाऱ्यावर पोराचं चढलं, पोरगा वावर अधेलीनं, अर्ध्या वाट्यावर देऊन पुण्याला गेला. नत्थुजी नावाचा माणूस होता, हे सांगणारं जगात काही उरलं नव्हतं. आणि या पोट्ट्यांनी ते रस्त्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्या गाड्यांना दिसेल असं लिहून टाकलं. बाई पदर तोंडाला लावून रडली. पोरं घाबरली. मग तिनं तिघांच्याही डोक्यावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

रंग बघताच तिला पुढचं कळलं होतं. रांजण घामेजला पाहिजे, तेव्हा पाणी थंड होतं, हे तिच्याइतकं कोणाला कळणार? पण त्या नावावरून बोट फिरवल्यावर ती गप्प बसली. बारदाने दुप्पट भिजवले, वाळूत जास्तीचं पाणी ओतलं. काही उपयोग झाला नाही. आणि परवावर आखाजी, अक्षय तृतीया आली होती. आखाजीला ज्याच्या नावानं पाणी पाजावं त्याची तहान भागते, असं तिची सासू सांगायची. म्हणजे परवा नवऱ्याच्या नावानं लोकांना हे असलं पाणी पाजायचं. धर्मेंद्र थुंकला तेव्हा बाईच्या डोक्यात हेच घोळत होतं.

तीन वाजता पोरं आली. प्रणालीनं बारदाना उचलून आत पाहिलं. "आजी, रांजण तं भरेलच हाये! कोणी आलंच नाही का?"

"आले होते न. थोडं थोडं पाणी पेले."

पोरगी हुशार. तिनं ओगराळं बुडवून स्वतःच एक घोट घेतला आणि तिचं तोंड उतरलं. "गरम हाये."

गोपालनं रांजणावर तळहात ठेवला, काढून पाहिला. हात कोरडा. तो पाठ केल्यासारखा बोलायला लागला. "मातीच्या भांड्याच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी झिरपते. त्याचे बाष्पीभवन होताना..." चष्म्याआडचे डोळे भरून आले. "या प्रश्नाले मले पाचपैकी पाच होते, आजी. अन् म्याच सांगतलं ऑइलपेंट लावू म्हणून."

पार्बताबाईला त्याच्या रडण्यापेक्षा भलत्याच गोष्टीचा अचंबा वाटला. "थांब, थांब. रांजण घामेजते म्हणून पाणी थंड होते, हे तुमच्या पुस्तकात लिवलं हाये?"

"हो."

"छापेल?"

"चित्रासकट हाये," प्रीतम म्हणाला.

"माय वं! हे मले माह्या सासूनं सांगतलं. तिले तं सही बी येत नव्हती." बाईनं गालावर हात ठेवला. दोन अडाणी बायकांनी चुलीपाशी बोललेली गोष्ट मोठ्या मोठ्या शिकलेल्या माणसांनी पुस्तकात घातली होती, आणि शाळेतली पोरं ती पाठ करत होती.

"म्हणजे तुले मालूम होतं?" प्रणाली जवळजवळ ओरडलीच. "मंग काहून नाही सांगतलं आमाले?"

बाईनं त्या पांढऱ्या अक्षरांकडं पाहिलं. "कशी सांगू बाई? तुमी एवढ्या मायेनं केलं. अन् थ्या माणसाचं नाव होतं न."

मग प्रीतमनं सायकल काढली. अर्ध्या तासात तिघांच्या घरचे तीन माठ निंबाखाली आले, कारण गाड्या काही यायच्या थांबणार नव्हत्या. रांजण रिकामे झाले, आणि विटांचे तुकडे, फुटकी कौलं, सुताराकडचा पॉलिश पेपर घेऊन पोरं घासायला बसली.

ती संध्याकाळ आणि दुसरा अख्खा दिवस पोरं घासतच होती. पारा पंचेचाळीसच्या वर, रस्त्यावर कुत्रं दिसेना, आणि निंबाखाली खर्र खर्र खर्र. निळी भुकटी केसांत, भुवयांत, दातांत. प्रणालीनं स्वतः काढलेल्या चिमण्या स्वतःच खरवडल्या आणि वर स्वतःलाच शिव्या दिल्या, "मोठी आली चित्रकार!" गोपालच्या दोन बोटांची सालं निघाली. त्यानं त्यावर चिंधी गुंडाळली आणि परत बसला. "पुरे झालं रे, जेवाले जा," असं पार्बताबाई दहा वेळा म्हणाली. जेवून पोरं परत हजर. गावातली म्हातारी माणसं येऊन बघून गेली. बाईला वाटलं, आपण देवळात बसलो आहोत आणि समोर काहीतरी मोठं चाललं आहे. तिनं नकळत हात जोडले.

दुसऱ्या दिवशी चार वाजता दोन्ही रांजण लाल दिसायला लागले. एकावर फक्त नाव उरलं होतं. तिथं येऊन तिघांचेही हात थांबले.

"हे राहू दे," प्रीतम म्हणाला. "हातभर तं हाये."

गोपालनं डोळे बारीक करून अंदाज घेतला. "चालते, आजी. बाकी सारा रांजण मोकया झाला. एवढ्यानं काही लय फरक नाही पडत."

"थोडा पडते?"

"पडते थोडासा. कोणाले समजणार बी नाही."

पार्बताबाई उठली. गुडघ्यावर हात देऊन रांजणासमोर बसली. अक्षरांवरून एकदा बोट फिरवलं, प्रणालीनं शिकवलं होतं तसं, डावीकडून उजवीकडं. मग तिनं विटेचा तुकडा उचलला.

"आजी, नको न!" प्रणालीनं तिचा हात धरला.

"सोड बाई. नत्थुजी तहानेनं गेला. त्याच्या नावानं कोणाले थोडं बी गरम पाणी नाही पाजत मी."

तोंडून नाव गेलं आणि ती स्वतःच दचकली. पोरांनीही एकमेकांकडं पाहिलं. पण वीट थांबली नाही. पहिलं अक्षर गेलं, दुसरं गेलं. बाईच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि हात सारखा चालला होता. शेवटचं अक्षर पुसून झाल्यावर तिनं पदरानं भुकटी झटकली आणि म्हणाली, "आणा पाणी."

रांजण संध्याकाळी भरले. आखाजीच्या सकाळी पोरं आली ती आधी रांजणांपाशी उकिडवी बसली. लाल मातीवर बारीक बारीक थेंब फुटले होते. एक मोठा झाला, थरथरला आणि ओघळत वाळूत गेला. गोपालनं बोट लावून पाहिलं. या प्रश्नाला पाचपैकी पाच मिळवलेला तो पोरगा, पण पुस्तकातलं ते पाणी त्याच्या बोटाला पहिल्यांदाच लागलं होतं. "आजी," तो हळूच म्हणाला, "हे तं खरंच होते!"

त्या दिवशी लोक पाण्यावर तुटून पडले. कौंडण्यपूरला निघालेली एक जीपच्या जीप उतरली. बाया, म्हातारे, कडेवरची पोरं, सगळे ओंजळी धरून रांगेत. 'हाऽ' ऐकत पार्बताबाईचा हात दुपारपर्यंत थांबला नाही. जीप गेली, रस्ता सुना झाला, तेव्हा प्रणालीनं तिच्या हातातलं ओगराळं काढून घेतलं.

"आता तू बस."

"कायले?"

"तुले कोणी पाजलं कधी?"

बाईला आठवून पाहावं लागलं. आपण इथं आजवर तांब्यानं प्यायलो, उरलंसुरलं. समोर उभं राहून कोणी ओतलं नव्हतं. ती संकोचत निंबाच्या मुळीवर बसली, वाकली, आणि ओंजळ तोंडाशी धरली. प्रणालीनं धार सोडली. पाणी थंडगार होतं, दातांत कळ जाईल इतकं थंड. याच मुळीवर तो बसला होता आणि एवढंच मागत होता.

पिणाऱ्याचं पोट भरलं की तो ओंजळीतच मान हलवतो, मग ओतणारा हात आवरतो. प्रणाली त्याची वाट बघत होती. ओंजळ भरून पाणी मनगटांवरून कोपरापर्यंत आलं, लुगड्यावर सांडलं, पायांखालची धूळ भिजली.

"आजी, पुरे?"

पार्बताबाई मान हलवेना. ती पीतच होती. पहिल्या रांजणाचा तळ लागला तसा प्रीतम दुसऱ्याकडं धावला.