टॉकीजची मशीन

नवी मशीन बंद पडली तेव्हा सगळ्या घरानं सुभद्राबाईंकडे पाहिलं. पाहणारच. सोनाळ्याच्या त्या घरात झाडलोटीचा मान चाळीस वर्षं त्यांचाच होता, आणि धूळ ओढायची मशीन आल्यापासून तिची दांडीही त्यांनी दुसऱ्या कोणाच्या हाती जाऊ दिली नव्हती.

"माय, पाणी गेलं का तिच्यात?" त्यांच्या मुलानं, प्रेमनं विचारलं. मशीनीवरचा लाल दिवा सारखा डोळे मिचकावत होता.

"मी काऊन पाणी पाजू मशीनीले? ते काय वासरू हाये?"

प्रेमनं कंपनीला फोन लावला. पलीकडून एका बाईनं हिंदीत सांगितलं की माणूस येईल, पण तुमच्या भागात यायला त्याला वेळ लागेल. किती वेळ लागेल हे काही तिला सांगता येईना.

इथे वेळच तर नव्हता. सहा वर्षांच्या प्रेरणाची छाती पुन्हा वाजायला लागली होती. घराच्या मागेच खळं, सोयाबीन निघालेलं, आणि थ्रेशरमधून उडणारं कुटार, बारीक भुसा, दिवसभर घरात येऊन बसायचं. शेगावच्या डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं की घरात झाडू बंद, फरशी आणि गाद्या मशीनीनं साफ करा, पोरीच्या नाकात धूळ जाऊ देऊ नका. म्हणून तर प्रेमनं ही बिनवायरची, काठीसारखी मशीन मागवली होती. ती आठवडाभर नाचली आणि आडवी झाली.

सून प्रतीक्षा ओरडणारी नव्हती. तिनं शांतपणे सांगितलं, आणि तेच सुभद्राबाईंना जास्त लागलं.

"आई, मी आता वाट नाही पाहत. रविवारच्या जीपनं प्रेरणाले घेऊन अकोल्याले जातो, माह्या दादाकडे. तिथंच शाळेत टाकतो तिले."

"आन मंग सुट्टीत येईन का ती?"

"धूळ नसली तर येईन."

सोनाळ्यात धूळ नसली तर! ही पोरगी सुभद्राबाईंच्याच कुशीत झोपायची, त्यांच्याच ताटात जेवायची. ती गेली तर या घरात उरायचं काय, दोन म्हातारे आणि एक ट्रॅक्टर? त्यांनी पदर खोचला.

"रविवार आजून लांब हाये," त्या म्हणाल्या, आणि तडक ट्रॅक्टरच्या शेडकडे निघाल्या.

शेडमध्ये टॉकीजची मशीन होती. खामगावचं एक टॉकीज बंद पडलं तेव्हा सुभद्राबाईंच्या नवऱ्यानं, रामरावांनी, ती लिलावात उचलली होती. तिथे म्हणे ती खुर्च्यांमधली शेंगदाण्याची फोलपटं ओढायची. लोखंडी, घागरीएवढ्या पोटाची, खाली तीन चाकं, आत कापडी पिशवी. उचलायला दोन माणसं लागत. रामरावांना ती कशाला हवी होती हे घरात कोणाला कधी कळलं नाही, पण ट्रॅक्टरच्या जाळीत अडकलेलं कुटार उडवायला ते तीच वापरत.

सुभद्राबाईंनी ती ओढत माजघरात आणली. प्रेरणा शाळेत गेल्याची खात्री केली, नळीचं तोंड पलंगाखाली घातलं आणि बटण दाबलं. पलंगाखालची सगळी धूळ उठली आणि आढ्याला जाऊन भिडली. सुभद्राबाई पिठाच्या चक्कीतून आल्यासारख्या पांढऱ्या झाल्या.

रामराव दारात पोट धरून हसत होते. "अवं, नळी मागच्या भोकात हाये! तिकून ती फुकते. समोर लाव, मंग ओढते."

"मंग आधी नाही सांगता येत?"

"तू इचारलं कुठं?"

नळी पुढे लागली. पण पुढे लावली तरी ती ओढेना. नळीला चिरा पडल्या होत्या, सगळी हवा वाटेतच पळत होती. सुभद्राबाईंनी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून त्यावर गच्च गुंडाळल्या. आतली पिशवी उंदरांनी कुरतडली होती, तिला रामरावांच्या जुन्या धोतराचं ठिगळ लावलं. मग मोटरीतून ठिणग्या उडाल्या आणि जळका वास सुटला. तेव्हा त्यांनी प्रेमला ट्रॅक्टर काढायला लावला आणि मशीन वरवट बकाल गावाला नेली. तिथे प्रसेनजित पंपांच्या जळक्या मोटरी नवी तार भरून दुरुस्त करायचा. त्यानं आतले झिजलेले कार्बनचे तुकडे बदलले, वायर नवी टाकली.

"काकू, नवी घ्या ना," तो म्हणाला. "ही माह्या वडलांच्या उमरीची हाये."

"मी पन हावो," सुभद्राबाई म्हणाल्या. "मले टाकून देतं का कोनी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी टॉकीजची मशीन गरजली आणि गल्लीतली कुत्री पळाली. पण काय ओढत होती! फरशीच्या फटींमधली वर्षांची धूळ तिनं उचलली. त्या दिवशी प्रेरणाला खोकला कमी आला. सुभद्राबाईंना वाटलं, जिंकलो.

त्याच्या पुढच्या सकाळी मशीनीचा आवाज तोच राहिला, पण ओढ कमी झाली. त्याच्याही पुढच्या सकाळी ती चुलीसारखी तापली आणि बंद पडली. शाळेतून आलेली प्रेरणा खांद्यानं श्वास घेत होती. प्रतीक्षानं निळी बॅग काढली, तिच्यात पोरीचे कपडे भरले आणि बॅग दाराशी नेऊन ठेवली.

दुसरी कोणी असती तर कपाळाला हात लावून बसली असती. सुभद्राबाईंना राग आला. दोन मशीनी, एक नवी, एक जुनी, एक प्लास्टिकची, एक लोखंडाची, आणि दोघी एकाच घरात एकाच रीतीनं आडव्या होतात म्हणजे काय? काही तरी एकच गोष्ट दोघींना बाधली होती. त्यांनी टॉकीजची मशीन अंगणात ओढली, नाकाला पदर बांधला आणि तिचं पोट उघडलं. पिशवी झटकली की धुळीचा लोट उठेल म्हणून त्यांनी डोळे मिटले.

काहीच उठलं नाही. पिशवीतून एक ढेपूळ खाली पडलं, धप्पकन. कापडाला आतून चिखलाचा थर बसला होता, भिंत लिंपावी तसा. त्यातून हवा काय, मुंगीसुद्धा गेली नसती.

त्या उठल्या आणि नवी मशीन घेऊन आल्या. तिच्या ब्रशला घरातल्या बायकांचे केस दोरासारखे गुंडाळले होते, ते त्यांनी विळ्यानं कापून काढले. मागची टोपी फिरवून चाळणी बाहेर काढली. तिच्यावरही तोच करडा चिखल होता.

सुभद्राबाईंनी तो बोटांनी चोळला, आणि त्यांना पहाटेचा तांब्या आठवला.

पाणी न शिंपडता घर झाडायचं नाही, हे त्यांच्या सासूनं त्यांना या घरात पाऊल टाकल्याच्या दुसऱ्या दिवशी शिकवलं होतं. धूळ उडते, देवावर बसते, पिठावर बसते. मशीन आली म्हणून काय झालं? सगळे उठायच्या आत त्या तांब्याभर पाणी घेऊन घरभर हबके मारत, आणि सगळे उठले की मशीन लावत. उलट हल्ली तर त्या दोन तांबे शिंपडत होत्या, पोरीच्या छातीत एक कणही जायला नको म्हणून. प्रेमनं विचारलं तेव्हा त्या खोटं बोलल्या नव्हत्या. फरशीवरचं पाणी म्हणजे मशीनीतलं पाणी, असं त्यांच्या मनातच आलं नव्हतं.

त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की क्षणभर वाटलं, गुपचूप सगळं धुवावं आणि गप्प राहावं. कोणाला कळणार होतं? पण मग मशीनीवर कोण भरवसा ठेवणार, आणि ती निळी बॅग कोण थांबवणार? त्या तशाच चिखलाच्या हातांनी आत गेल्या.

"प्रतीक्षा, मशीनी मीच मारल्या. रोज पहाटी पाणी शिंपडत होती मी. त्याचा गारा झाला आत."

प्रतीक्षाचा आवाज पहिल्यांदाच चढला. "आई, इतके दिवस? पोरगी इथं धापा टाकून राह्यली आन तुम्ही..."

"हाव. बोल. तुह्या बोलण्याचा मले राग नाही. पन रविवारपर्यंत मले दे. आता घरात पाण्याचा थेंब नाही पडनार."

प्रतीक्षा पोरीची पाठ चोळायला गेली. बॅग दाराशीच राहिली.

धुतलेली पिशवी आणि चाळणी ऊन उतरेपर्यंत तारेवर वाळली. सुभद्राबाई तासातासाला जाऊन गालाला लावून पाहत होत्या, ओल आहे का. दुसऱ्या दिवशी पहाटे जाग आली तसा हात सवयीनं तांब्याकडे गेला. भरलेला तांब्या घेऊन त्या उंबरठ्यापर्यंत आल्यासुद्धा. समोर कोरडी फरशी, आणि कोरड्या फरशीवर काही फिरवायचं म्हणजे त्यांच्या अंगावर काटा येत होता. सासू असती तर काय म्हणाली असती? त्या मागे फिरल्या, सगळं पाणी अंगणात सड्याला वापरलं आणि रिकामा तांब्या न्हाणीत पालथा घातला.

सगळे उठल्यावर त्यांनी कोरड्या फरशीवर टॉकीजची मशीन लावली. धूळ उडाली नाही. सगळी नळीतून आत गेली. त्या दिवशी ओढ कमी झाली नाही, की मशीन तापली नाही. शनिवारीही नाही. प्रेरणा दुपारी आजीजवळ झोपली तेव्हा सुभद्राबाईंनी तिच्या पाठीला कान लावला. आत काही वाजत नव्हतं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते फरशीवर पडू नये म्हणून त्यांनी ते पदरानं टिपलं.

रविवार उजाडला. त्यांनी माजघर ओढलं, ओसरी ओढली आणि दाराशी आल्या. निळी बॅग तिथेच होती. चौकात जीपचा हॉर्न वाजला. सुभद्राबाईंनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. काही झालं तरी बॅगेखालची धूळ सोडायची नाही. जड असेल म्हणून त्यांनी पाय रोवले, दोन्ही हातांनी पट्टा धरला आणि ताकद लावून उचलली.

बॅग झटक्यात छातीपर्यंत वर आली. रिकामी होती.

त्यांनी वळून पाहिलं. प्रतीक्षा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, आणि मागे दोरीवर पोरीचे कपडे धुऊन वाळत घातले होते.

"आई, खालून नीट ओढा," ती म्हणाली. "कोपऱ्यात धूळ राह्यते."