सहा यंत्रांचा एकच पत्ता

महिपती सरांचा क्लास पेणला गणपतीच्या एका कारखान्याच्या माडीवर होता. खालून पांढरी भुकटी उडायची आणि आमच्या कॉम्प्युटरच्या कळांमध्ये जाऊन बसायची. सकाळी आमच्या कासूहून रेल्वेगाडीने आले की माझं पहिलं काम फडकं मारायचं. सर आधी रेडिओ दुरुस्त करायचे. कॉम्प्युटर ते स्वतः उघडून शिकले आणि आम्हालाही तसाच शिकवायचे, झाकण काढून. मी मिठागरात राबणाऱ्या घरातली, तोंडाने फटकळ. आमचं रोज वाजायचं, आणि रोज संध्याकाळी गाडी गाठताना मला वाटायचं, उद्या कधी उजाडतंय. माझे ते सगळ्यात चांगले दिवस होते आणि ते मला तेव्हाही कळत होतं.

नव्व्याण्णव साली सरांना रोह्याजवळ धाटावच्या एका कंपनीचं काम मिळालं. ऑफिसातल्या सहा कॉम्प्युटरवर लिनक्स ही प्रणाली घालून ते एकमेकांना जोडून द्यायचे होते. ती घालताना कॉम्प्युटर ढीगभर प्रश्न विचारतो; एकेकापुढे बसून त्यांची उत्तरं देत राहिलं तर सगळा दिवस त्यातच जायचा. सरांनी त्यावर तोड काढली होती. सगळी उत्तरं आधीच एका फ्लॉपीवर लिहून ठेवायची. ती फ्लॉपी आणि सीडी आत सरकवली की कॉम्प्युटर आपला आपण तयार होतो, आपण चहा प्यायचा. आता हे कोणाला सांगितलं तर लोक हसतील, पण त्या काळी आम्हाला ती जादू वाटायची.

"फ्लॉपी तू लिही गो वनिता," सर म्हणाले. "नेटवर्क कार्डाचा पत्ता पण तूच घाल."

मी फुशारले. पण सर पुढे बोलले ते ऐकून माझा चेहराच उतरला.

"काम जमलं तर साहेब मला तिथंच कायमचा ठेवणार हायत. मग क्लास बंद करीन म्हणतो. पोरं तरी कुठं येतात आता?"

तेव्हापासून मला त्या कंपनीचा राग यायला लागला. काम फसलं तर बरं, असं मला खरोखर वाटायचं. फ्लॉपी मात्र मी मनापासून लिहिली. मुद्दाम वाईट काम करणं माझ्या हाताला जमत नाही.

त्या दिवशी सर नवा शर्ट घालून आले होते. कंपनीत फ्लॉपीने चोख काम केलं. एकामागून एक सहाही कॉम्प्युटर तयार झाले, मी हाताने प्रत्येकाला वेगळं नाव दिलं आणि सरांनी वायरी जोडल्या. मग साहेब बघायला आले आणि सगळं बिनसलं. एकटा कॉम्प्युटर नीट चालायचा, दुसरा चालू केला की दोघंही अडखळायचे. एकाला पाठवलेलं मधेच दुसऱ्याकडे जायचं, नाहीतर कुठेच पोचायचं नाही.

"शिफ्ट सुटेपर्यंत बघा," साहेब घड्याळाकडे बघत म्हणाले. "नाही जमलं तर मी मुंबईहून माणूस बोलावतो."

सरांनी वायरी बदलल्या. झाकणं उघडली, कार्डं उपसून पुसली, पुन्हा बसवली. नव्या शर्टाला काळे डाग पडले. मी बाजूला उभी होते आणि आतल्या आत खूश होते. सोमवारी माडीवर पुन्हा आम्ही, असं माझं चाललं होतं.

इतक्यात ऑफिसातला फोन वाजला. शिपायाने तो उचलला, कोण हवंय ते विचारलं आणि दारात येऊन नावाने हाक मारली. कोणीतरी उठून गेलं.

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आमच्या आळीत फोन एकच, शकूकाकीच्या दुकानातला. सगळी आळी तोच नंबर द्यायची, पुढे पी. पी., म्हणजे शेजाऱ्याचा फोन, असं लिहून. फोन आला की काकी ओट्यावर येऊन ओरडायची, "वनिते, तुझा फोन हाय गो!" आणि मी धावत जायची. नंबर एक असला तरी नावं वेगळी होती, त्यामुळे कोणाचं काही अडलं नाही. फ्लॉपीवर पत्ता लिहिताना मी तेच केलं होतं. सहाही यंत्रांना एकच पत्ता. नावं तर वेगळी आहेत, मग झालं, एवढंच मनात होतं. इथे ओट्यावर येऊन हाक मारणारी काकी नाही, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

गप्प बसले असते तर सर माझ्याबरोबर पेणला परत आले असते. मी त्यांच्याकडे बघितलं. जमिनीवर उकिडवे बसून ते नव्या शर्टाच्या टोकाने तेच कार्ड पुन्हा पुसत होते. मला बघवेना.

"सर," मी म्हटलं, "कार्डं ठेवा ती. सगल्यांचा पत्ता एकच परलाय. मीच घातलाय."

सर कार्ड ठेवून उठले. तीन त्यांनी घेतले, तीन मी, आणि प्रत्येकाच्या पत्त्यातला शेवटचा आकडा वेगळा केला. शिफ्ट सुटायच्या आत सहाही कॉम्प्युटर एकमेकांशी सुरळीत बोलायला लागले.

"कोणी शोधलं?" साहेबांनी विचारलं.

"हिनं. फ्लॉपी पण हिनंच लिहिली," सर म्हणाले. माझं कौतुक करताना त्यांनी कधी हात आखडता घेतला नाही.

"मग हिलाच ठेवतो," साहेब म्हणाले. " तुमचा काय, क्लास आहे. ही मोकळी आहे."

सरांचा चेहरा पडला, तो मी पाहिला. मी नको म्हणायला तोंड उघडलं.

"तू गप बस गो," सर म्हणाले आणि साहेबांकडे वळले. "व्हय साहेब. पोरगी हुशार हाय."

परतीच्या गाडीत ते मला कंपनीत कसं वागायचं ते शिकवत होते, जणू तो क्लासचाच एक धडा होता. कासूला मी उतरले. खिडकीतून ते म्हणाले, "सोमवारी इकडं येऊ नको. रोह्याची गाडी पकड." मग गाडी त्यांना घेऊन पेणकडे निघून गेली.

सरांनी पेण सोडू नये एवढंच मला हवं होतं. त्यांनी पुढे कितीतरी वर्षं त्या माडीवर पोरांना शिकवलं. मी रोज सकाळी उलट्या दिशेच्या गाडीत बसत होते.