मनोरमाबाईंचं मौन

अर्नाळ्याच्या बाजारात मनोरमाबाईंच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती. तीस वर्षं त्यांनी सुके बोंबील विकले ते हातापेक्षा तोंडाच्या जोरावर. अशी बाई मुलाच्या, जितेशच्या, गोखिवऱ्याच्या फ्लॅटमध्ये नातीला सांभाळायला आली आणि गप्प झाली, हे कुणाला सांगून पटलं असतं का?

झालं असं, की सून अनुष्का साताऱ्याकडची; बाईंची किनाऱ्यावरची बोली तिला परकी. कामावर रुजू व्हायच्या आदल्या दिवशी ती सहज बोलून गेली, "आई, खुशीशी जरा नीट मराठीत बोलाल का? पुढे शाळेत तिला जड जायला नको." सुनेच्या मनात काही वाकडं नव्हतं. पण बाईंच्या ते वर्मी लागलं. दोन दिवस त्यांनी नीट बोलून पाहिलं. तलाठ्यासमोर अर्ज वाचल्यासारखं वाटायला लागलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी ठरवलं, नातीशी बोलायचंच नाही, म्हणजे चुकायलाही नको.

माया मात्र तसूभर कमी केली नाही. तेल चोळलं, मऊ भात भरवला, मांडीवर घेऊन झुलवलं. खुशी सहाव्या महिन्यात बसली, आठव्यात रांगली, वर्षाच्या आत भिंत सोडून चालली. अनुष्काने फ्रिजवर बाळाच्या वाढीचा एक तक्ता लावला होता, त्यात बरोबरच्या खुणा पडत गेल्या. आजी-नातीचं सगळं हातवाऱ्यांवर चालायचं. जितेश आणि अनुष्का रात्री आठला घरी येत, तोवर पोर पेंगुळलेली असायची; रविवार आठवड्याच्या साठलेल्या कामांत जायचा.

बोलण्याच्या रकान्यात मात्र एकही खूण पडेना. सव्वा वर्षाची झाली तरी ना बाबा, ना मामा. शेवटी दवाखान्यात नेऊन कान तपासले. कान ठणठणीत निघाले.

"दिवसभर बाळाशी कोण बोलतं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"आई असतात की," अनुष्का म्हणाली.

मनोरमाबाईंना खोटं पचत नसे. "कोनी नाय बोलत," त्या म्हणाल्या. "मला नीट बोलता येत नाय. म्हनून मी गप्प असते."

अनुष्काचा चेहरा उतरला. डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "आजी, तुमच्या घरात बोलतात तसंच बोला. पण भरपूर बोला. लेकरू ऐकेल तर बोलेल."

परतताना रिक्षात अनुष्काने विषय काढला. "आई, मी तुम्हाला गप्प बसायला नव्हतं सांगितलं."

"तू नाय सांगितलंस. मीच बसले, रागानं." बाईंनी झोपलेल्या नातीच्या केसांवरून हात फिरवला. "राग तुझ्यावर, नि उपाशी ठेवली हिला."

त्यांना रडू आलं. अनुष्काने त्यांचा हात धरला तो घर येईपर्यंत सोडला नाही.

दुसऱ्या दिवसापासून बाईंनी वर्षभराचं साठलेलं सगळं ओतायला घेतलं. डाळ धुताना डाळीची हकीकत, कपडे वाळत घालताना शेजाऱ्यांची. दुपारी तर टोपली कमरेला लावून, गालाशी हात धरून खिडकीशी उभ्या राहून जुनी हाळी द्यायच्या, "घेऽऽ गं बोंबील, घेऽऽ!" खुशी तोंडाकडे टक लावून बघायची. पण बोलायची नाही. एक आठवडा गेला, तीन गेले. आपल्या हट्टापायी पोर कायमची मुकी राहते की काय, या धास्तीने बाईंना घास गोड लागेना.

महिनाभराने एका रविवारी अनुष्का लसूण सोलत बसली होती. खुशीने स्टीलची वाटी उचलली, कमरेला लावली आणि डुलत डुलत खिडकीशी गेली. मोकळा हात गालाशी धरला. "एऽऽ ऊऽ एऽऽ," तिने सूर लावला. शब्द एक नाही, पण शेवटची ओढ थेट मनोरमाबाईंची.

अनुष्काच्या हातातला लसूण तसाच राहिला. मनोरमाबाई स्वयंपाकघराच्या दारात खिळल्या.

"अगं मावशी," अनुष्का म्हणाली, "बोंबील कसे दिले?"

गिऱ्हाईक मिळाल्यावर खुशी वळली. तुरुतुरु आईपुढे आली, भुवया चढवून बराच वेळ काहीबाही बडबडली.

"भाव सांगते ती," मनोरमाबाई डोळे पुसत म्हणाल्या. "कमी नाय करायची."

खुशीने वाटी पुढे केली.

"घे," ती म्हणाली.

अनुष्काने ती रिकामी वाटी दोन्ही हातांनी घेतली.