काळ्या पानाला लेखी परवानगी

विषय : आवक विभागातील संगणकावर वेबपाने काळी ठेवण्यास परवानगी मिळण्याबाबत.
संदर्भ : आवक विभागाच्या बाईंचा अर्ज व त्यावरील साहेबांचा शेरा.

वरील विषयातला जो विषय, तो मी डार्क मोड बोलतोय. माझं म्हणणं कुणीच मागवलं नाही, म्हणून न मागता सादर करतो.

माझा जन्म ब्राउझरच्या सेटिंगमधला, खालून तिसऱ्या ओळीतला. तिथं वर्दळ नसते. माणूस समोर आलेल्या प्रत्येक चौकटीला न वाचता 'मान्य' म्हणतो, पण सेटिंग उघडायचं म्हटलं की माउस सोडून चहाला उठतो. चार वर्षं मी तसाच पडून होतो, बिनकामाचा आणि खरं सांगायचं तर सुखी.

बाई दिवसभर वेबसाइटवर लोकांचे अर्ज वाचतात, त्यांना क्रमांक देतात. पांढऱ्या पानाकडे बघून बघून दुपारपर्यंत त्यांचं डोकं ठणकायला लागायचं. डॉक्टर म्हणाले, "महिनाभरात कमी झालं नाही, तर कॉम्प्युटरचं काम सोडा." सोडा म्हणजे तळघरातल्या जुन्या फायलींत जा, आणि धुळीने बाईंना धाप लागते. इकडे आड, तिकडे विहीर.

शेवटी नणंदेने फोनवर वाट दाखवली.

"वहिनी, कोपऱ्यात तीन ठिपके दिसतायत?"

"दिसतायत. पण काही बिघडलं म्हणजे?"

"अगं दाब की! बॉम्ब आहे का तो?"

मी जागा झालो. पान काळं, अक्षरं फिकट. मी काही रामबाण औषध नव्हे; कित्येकांना मी मुळीच मानवत नाही. बाईंना मानवलो. आठ दिवस डोकं दुखलं नाही.

नवव्या दिवशी बाई जेवायला गेल्या. शिपाईमामांनी काळी स्क्रीन पाहिली, मशीन बंदच आहे असं समजून भिंतीवरचं बटणही बंद केलं. अर्धवट भरलेल्या नोंदी गेल्या. मला हसू आलं; तेवढा वात्रटपणा माझ्यात आहे. पण बोभाटा झाला आणि साहेब आले.

"बाई, दिवसाढवळ्या हा काय अंधार?"

"डोळ्यांना बरं वाटतं, साहेब."

"वाटत असेल. लेखी द्या. आणि पुरावा जोडा, पान दिसतं तस्सं छापून."

बाईंनी स्क्रीनचा फोटो छापायला दिला. प्रिंटर कण्हला, मध्येच दम खायला थांबला आणि पोटातली सगळी शाई ओकून त्याने एक काळाकुट्ट कागद बाहेर टाकला. साहेबांनी तो खिडकीशी धरला, उलटा करून पाहिला आणि शेरा मारला : 'पुरावा वाचता येत नाही. सुवाच्य प्रत जोडावी. तोवर सदर सोय बंद ठेवावी.'

सुवाच्य प्रतीला शाई हवी. शाईची मागणी वेबसाइटवरच करायची, आणि तिला क्रमांक द्यायचा बाईंनीच. पांढऱ्या पानावर.

साहेबांच्या मोबाइलमध्ये माझा सख्खा भाऊ राहतो. तो सांगतो, साहेब बातम्या काळ्या पानावरच वाचतात, वर म्हणतात, "डोळ्यांना कसं थंड वाटतं बुवा!" मी म्हटलं, एक दिवस पांढरा होऊन दाखव की त्यांना. तो म्हणाला, "तसा आदेश नाही."

डॉक्टरांनी दिलेल्या महिन्यातले सहा दिवस उरलेत. बाई कपाळाला तळव्याचा आडोसा धरून क्रमांक देतात. माझी विनंती एवढीच : पुरावाच हवा असेल, तर साहेबांनी दुपारी तासभर बाईंच्या खुर्चीत बसून पाहावं.

शाई आलेली नाही. अर्ज प्रलंबित आहे.