माईक बंद होता, तरी समाधान व्यक्त झाले

मित्रांनो, मी आमच्या ग्रामपंचायतीचा माईक. जुना म्हणा, खरखर्‍या म्हणा. नांदुऱ्याच्या बाजारातून आलो तेव्हा माझी जाळी चकचकीत होती. आता तिच्यात तीन सरपंचांची थुंकी आहे. जो येतो तो आधी टिचक्या मारतो, मग ‘हॅलो, हॅलो’ करतो. बहिरा मी नाही, हे कोण सांगणार?

आमच्या सभेची एक रीत आहे. पुरुष बोलला की मी चालू, बाई उठली की बंद. सरपंच रामराव म्हणतात, “बायकाइचा आवाज असाच जाते भिंतीपार!” सभा हसते.

यंदा ग्रामसेवक गणेशभाऊंनी मला मोबाईल जोडला. आता म्हणे ऐकून त्यातलं एआयचं यंत्रच सभेचं इतिवृत्त लिहिणार. “जनकाबाई रेशनवर बोलतीन,” रामरावांनी माझ्यातून पुकारलं आणि खट्! बटण बंद. म्हातारी उभी राहून ओरडत होती, “माह्यं नाव यादीतून काऊन उडोलं? मी जित्ती हाओ ना, बाबू!” मी ऐकलं. यंत्राला ऐकू गेलं नाही. पण रिकामी जागा ठेवणं त्याच्या स्वभावात नाही. त्यानं लिहिलं: ‘श्रीमती जनकाबाई यांनी रेशनबाबत समाधान व्यक्त केले.’ गणेशभाऊंनी न वाचता सही ठोकली. तक्रारीची नोंदच नाही, म्हणून नाव परत चढवायचा तिचा अर्ज तहसीलातून परत आला.

पुढच्या सभेत विषय काय, तर अशा यंत्रांपासून माणसांचे हक्क जपायला देश धोरण ठरवतो आहे, गावानं सूचना द्यावी. गणेशभाऊंकडे सूचना तयार! यंत्रानंच लिहिलेली: ‘ग्रामस्थांची कोणतीही हरकत नाही.’ आता कपाळ असतं तर मी बडवून घेतलं असतं.

जनकाबाईंची नात समता वकिली शिकते. ती उठली. “भाऊ, माह्या आजीनं समाधान कवा व्यक्त केलं?”

“मशीननं लेह्यलं ते. म्या नाई.”

“आन् सही? तेही मशीनची काय?”

सभा पहिल्यांदाच दुसऱ्या बाजूनं हसली. रामरावांचं बोट सवयीनं बटणाकडे गेलं, पण तिथे जनकाबाईंचा खरबरीत अंगठा आधीच होता.

“लेहा, गणेशभाऊ,” म्हातारी माझ्यातून बोलली. “माह्याबद्दल मशीन जे लेहीन, ते आंधी मले वाचून दाखवा. मी ‘हाव, बराबर हाय’ म्हनीन, तवाच सही. हेच धाडा दिल्लीले.”

तेच गेलं, तिच्या तक्रारीसह. नाव अजून यादीत आलेलं नाही.

मित्रांनो, माझी जाळी नाही पुसलीत तरी चालेल. कोणी बोलायला उठलं की बटण तेवढं चालू ठेवा.